काका, डेका आहे का?

नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या मेडिकलवर संध्याकाळी जिमची पोरं डेका, म्हणजे अंग कमावायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन, मागायला येतात. "काका, डेका द्या ना."
"चिठ्ठी?"
"काहून पाहिजे चिठ्ठी? ट्रेनरनं सांगितलं न!"

डेकातलं नॅन्ड्रोलोन अन् तसंच टेस्टोस्टेरॉन शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत येतात. चिठ्ठीविना विकलं तर परवाना माझा धोक्यात, ट्रेनरचं काय जाते? अमेरिकेत 1990 च्या कायद्यानंतर चिठ्ठीविना जवळ बाळगणंही गुन्हा. आपल्याकडे असले स्टेरॉइड अमली पदार्थांच्या कायद्यात नाहीत, म्हणून पोरं बिनधास्त. प्रोटीनचा डबा तर अन्न कायद्याखाली, एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे. त्यात स्टेरॉइडची भेसळ निघाली अन् खेळाडूच्या डोपिंग चाचणीच्या नमुन्यात सापडली, तर 'मला माहीत नव्हतं' म्हणून शिक्षा कमी होऊ शकते, पण जबाबदार तोच.

परवा एकाला हे सगळं समजावलं. शांतपणे ऐकलं त्यानं. मग म्हणे, "ठीक आहे काका, व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो."