राणीच्या बागेतला शनिवार आणि पाणघोड्याचा श्वास

गेल्या शनिवारी शेवटी राणीच्या बागेत, म्हणजे भायखळ्याच्या प्राणीसंग्रहालयात, जाऊन आलो. दिवाळीपासून मोठीला कबूल केलेलं होतं, दर वेळी कुणाचा तरी ताप नाहीतर ऑफिस आडवं येत होतं. शनिवारच ठरवला कारण रविवारी रेल्वेच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉक आणि बागेत मुंगी शिरायला जागा नसते, आणि बुधवारी बाग बंद असते (हे लक्षात ठेवा, आमच्या ओळखीतले दोघं गेटवरून परत आलेत). मुलुंडहून स्लो लोकल पकडली, भायखळ्याला पूर्वेला उतरलो आणि चालतच गेलो. आम्ही दोघं, मोठी सहा वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा आणि सासूबाई (त्यांना मी आईच म्हणते). आईबाबा आणि दोन मुलं मिळून १०० रुपयांचं तिकीट, आईंचं वेगळं ५० चं. एवढ्या पैशात मुंबईत मुलांना अख्खा दिवस कुठे घालवता येतो सांगा.

आईंचं बालपण परळच्या चाळीत गेलं, त्यामुळे बाग त्यांच्या अंगणासारखी. गेटमधून आत शिरल्या शिरल्या त्या एकदम बोलायलाच लागल्या, इथे हत्तीवर बसवायचे, शिडी लावून चढायचं, हत्ती चालला की पोटात गोळा यायचा, आणि माझे वडील खालून हात धरून चालायचे. मोठी ऐकतच राहिली. आता हत्तीवर बसवत नाहीत हे कळल्यावर हिरमुसली, पण आजी म्हणाली, बरंच आहे गं, त्याच्या पाठीला त्रास व्हायचा असेल. मला हे फार आवडलं, कारण आईंना त्या आठवणी अगदी जिवापाड प्रिय आहेत आणि तरी त्यांनी हे म्हटलं.

पहिले पेंग्विन. लाईन होती पण सरकत होती. आत गेल्यावर गार झुळूक लागते, कारण त्यांच्यासाठी तापमान १६ ते १८ डिग्री ठेवतात. मोठीने पहिलाच प्रश्न विचारला, बर्फ कुठाय? सगळ्या कार्टूनमध्ये बर्फ असतो ना. मग तिच्या बाबाने सांगितलं की हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, तिथे बर्फ नसतो पण समुद्राचा प्रवाह गार असतो. २०१६ मध्ये सोलहून आठ आणले होते. छातीवर काळे ठिपके असतात आणि प्रत्येकाचे वेगळे, म्हणून सांभाळणाऱ्यांना कोण कुठला ते ओळखता येतं. हे कळल्यावर मोठीने एकच पेंग्विन धरून ठेवला आणि त्याचे ठिपके मोजायला लागली, तो पाण्यात गेला की पुन्हा पहिल्यापासून. मागच्या लोकांना पुढे जायचं होतं म्हणून तिला ओढूनच काढावं लागलं. धाकट्याला मात्र पेंग्विनपेक्षा काचेवर उमटलेल्या आपल्या हाताचं जास्त कौतुक.

तिथेच एक गृहस्थ अंगठीने काचेवर टकटक करत होते, पेंग्विन जवळ यावा म्हणून. सहा वर्षांची पोरगी त्यांना म्हणाली, काका, असं नका करू, त्याला आवाज आतून मोठा येतो. ते थांबले बिचारे, सॉरी बेटा म्हणाले. मी आधीच बोलायला हवं होतं, आपण मोठी माणसं उगाच भीड धरतो. प्लीज, मुलांना घेऊन जाल तेव्हा हे एवढं घरूनच शिकवून न्या, काच वाजवायची नाही आणि खायला काही टाकायचं नाही.

पण दिवसाचा खरा हिरो ठरला पाणघोडा! आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर नुसते दोन कान आणि नाकपुड्या. नवरा म्हणाला चला, काही दिसत नाहीये. मोठी म्हणाली थांबा. मग त्या नाकपुड्या अशा मिटल्या, अगदी पर्सचा बंद ओढल्यासारख्या, आणि तो बुडाला. मी सांगितलं की त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, झोपेत असला तरी आपोआप वर येतो. झालं. मोठी मोजायला लागली, एक दोन तीन, शंभरच्या पुढे गेल्यावर चुकायची मग आजी पुढचा आकडा सांगायची, आणि धाकटा नाक दाबून उभा, गाल फुगवलेले, सात आकड्यांत फुस्स. एकशे अठ्ठावन्नला पाणी फुगलं, नाकपुड्या उघडल्या आणि एवढा मोठा फुसकारा, त्यामागोमाग कान गरागरा फिरले आणि पाण्याचे थेंब उडाले. शेजारी उभं असलेलं एक अनोळखी कुटुंबही आमच्याबरोबर मोजत होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असं चार वेळा केलं, पाऊण तास गेला. सगळे प्राणी बघायचेच हा हट्ट मी तिथेच सोडला, लहान मुलांबरोबर होत नाही तो आणि करूही नये.

मग जेवण. गोरखचिंचेजवळ सावलीत बसलो, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि आईंनी केलेले नाचणीचे लाडू. गोरखचिंच मूळची आफ्रिकेची, बुंध्यात पाणी साठवून ठेवणारी. बाग १८६२ साली उघडली तेव्हापासून माणसांनी कुठून कुठून झाडं आणून इथे लावलीत, प्राणी नसते तरी मी झाडांसाठी आले असते.

वाघाकडे पोचेपर्यंत दुपार झाली आणि धाकटा कडेवर गाढ झोपला. नेमका तेव्हाच वाघ झाडीतून बाहेर आला, काचेला अंग घासत गेला, त्याच्या खांद्याची हाडं चालताना कातडीखाली वरखाली होताना दिसली इतक्या जवळून. मी धाकट्याला हलवलं, गालाला पाणी लावलं, पठ्ठ्या उठला नाही. सकाळपासून वाघ वाघ करत होता, मला अक्षरशः रडू यायचं बाकी होतं.

बाहेर पडताना भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती बघितला. हा घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. ब्रिटिशांनी तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला आणि उचलताना तो फुटला, नंतर तुकडे जोडून उभा केला. मोठीने त्याच्या पायाकडे बघत विचारलं, कुठे कुठे लागलं होतं त्याला? आजीने तिला जोडल्याच्या रेषा शोधायला लावलं.

ट्रेनमध्ये खिडकी मिळाली. घाटकोपर गेलं आणि धाकटा डोळे चोळत उठला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, आई, आता वाघ?

पुढच्या महिन्यात पुन्हा जातोय, गेट उघडल्या उघडल्या आधी वाघ.