शून्याच्या जागी उभी होते तेव्हा

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर बहुतेकांना स्नेहसंमेलन आठवतं. मला पाचवीतला गणिताचा तास आठवला. त्या तासाला मी शून्य होते, अगदी खरोखरीची.

बाईंनी फळ्यावर ४.०३७ लिहिलं आणि आम्हा चौघींना ओळीने उभं केलं. पहिलीच्या हातात चारची पाटी, मग माझं शून्य, मग तीन, मग सात. चार आणि माझ्यामध्ये जमिनीवर खडूचा तुकडा, ते दशांश चिन्ह. प्रत्येकीने आपलं घर सांगितलं: एकक, दशांश, शतांश, सहस्रांश. मग वर्गाने संख्या वाचायची. मागच्या बाकावरून ऐटीत आवाज आला, "चार पॉइंट सदतीस!" बाईंनी माझ्याकडे बोट केलं, "मग ही कुठे गेली?" आणि मला सरळ बाकावर बसवून तीन-सातला एकेक घर पुढे सरकवलं. ४.३७! मला रडू यायचंच बाकी होतं.

"चार पूर्णांक सदतीस सहस्रांश" म्हणताना शून्य तोंड उघडत नाही, पण 'सहस्रांश' या शब्दातच त्याची जागा राखलेली असते. 'दशांश चिन्ह' म्हटलं, की मात्र पुढे एकेक अंक बोलायचा: शून्य, तीन, सात. मराठीत तर हे फारच सोयीचं, कारण सदतीसमधला सात कानाला आधी लागतो आणि लिहायचा असतो नंतर. शिवाय 'पॉइंट पंचवीस' म्हणत राहिलं, की ०.२५ हे ०.७ पेक्षा मोठं वाटू लागतं. (मला कितीतरी दिवस वाटायचं.) क्रिकेटमधली ४.३ षटकं म्हणजे साडेचार, ते दशांश नव्हेतच, हेही बाईंनीच सांगितलं.

पुढे मी परिचारिका झाले. औषधाची मात्रा .५ अशी लिहायची नाही, ०.५ लिहायची, टिंब पुसट उमटलं तर पाच वाचलं जातं. उलट ५ च्या जागी ५.० लिहिलं तर घाईत पन्नास. दोन्हीकडे चूक दहापटीची. लांबी मोजणाऱ्याला २.५० मधलं शेवटचं शून्य हवं असतं, मोजणी शतांशापर्यंत नेमकी आहे हे त्यातून कळतं. आम्हाला ते नको असतं.

फोनवर मात्रा सांगितली, की ऐकणारीने ती लिहून परत वाचून दाखवायची. नव्या मुली भराभर "पॉइंट पाच" म्हणून मोकळ्या होतात. मी विचारते, "आणि ही कुठे गेली?" त्या गोंधळून खोलीत इकडेतिकडे बघतात.