फेल्डस्पार ताजा आहे का?

चंद्रपूरकडचा कुठलाही वालुकाश्म हातात आला की त्या काळचं हवामान कळावं म्हणून मी भिंगातून आधी फेल्डस्पार शोधते. ऊब आणि पाऊस भरपूर असेल तर या खनिजाची चिकणमाती होते. थंडीत ते टिकतं. तालचीर या खडकगटाच्या हिरवट वालुकाश्मात ते ताजं सापडतं, कडा अजून धारदार! सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी इथे बर्फ होता. इरई गावाजवळच्या चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे आजही दिसतात, म्हणून या कणांच्या साक्षीवर माझा पक्का भरवसा आहे.

रासायनिक तपासणीत हेच आकड्यांत येतं: ॲल्युमिनियमच्या मानाने सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम किती धुऊन गेलं. ताज्या फेल्डस्पारचा निर्देशांक 50, पूर्ण केओलिन (पांढरी चिकणमाती) झालेल्याचा 100 च्या आसपास.

कामठी या खडकगटाचा वालुकाश्म लालसर, भरड. त्यातले तिरपे थर नदीचे; त्यांचा कल मोजला की प्रवाहाची दिशा कळते. लाल रंग लोहाचा, पण तो खडक गाडला गेल्यावरही चढू शकतो. नुसत्या रंगावरून हवामान सांगणाऱ्यांशी म्हणूनच मी वाद घालते. लोहाचा लेप कणांवर आधीच होता की मधल्या पोकळीत नंतर भरला, ते सूक्ष्मदर्शकाखाली पातळ कापात पाहावंच लागतं.