पिएरोने ख्रिस्ताला मागे का ठेवले?

चित्रास्वादाच्या वर्गात पिएरो देल्ला फ्रांचेस्का या इटालियन चित्रकाराचे ‘ख्रिस्ताला फटके’ हे चित्र दाखवले की एक प्रश्न हमखास येतो: ज्याच्या यातनांचे हे चित्र आहे तो ख्रिस्त मागे, डावीकडे, एवढासा, आणि त्या घटनेकडे पाठ फिरवलेली तीन माणसे पुढे, उजवीकडे, भलीमोठी, मग ही रचना फसली असे का म्हणू नये? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इटलीतील उर्बिनोच्या जुन्या राजवाड्यात, जिथे आता संग्रहालय आहे, हे चित्र पाहायला मिळते. पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लाकडी फळीवर रंगवलेले हे चित्र जेमतेम ५८ बाय ८१ सेंटिमीटरचे, म्हणजे उघडलेल्या वर्तमानपत्राएवढे आहे. पडद्यावर पाहणाऱ्यांना मात्र ते भित्तिचित्र वाटते.

पिएरोच्या आधीच्या चित्रकारांपुढे हा पेच नव्हता. ज्योत्तो या इटालियन चित्रकाराने १३१० च्या सुमारास रंगवलेली सिंहासनावरची मरिया आजूबाजूच्या देवदूतांपेक्षा कितीतरी मोठी आहे, कारण तिथे आकारावरून मान ठरतो. यथार्थदर्शन, म्हणजे वस्तू जितकी दूर तितकी लहान दाखवण्याची रीत, आले आणि आकाराचे हे काम सुटले. माणूस लहान दिसतो तो केवळ दूर आहे म्हणून. पिएरो स्वतः गणिती होता, चित्रकारांसाठी त्याने यथार्थदर्शनावर ग्रंथ लिहिला, आणि या चित्रातील फरशी त्याने इतकी काटेकोर आखली आहे की १९५३ मध्ये विटकोवर आणि कार्टर या अभ्यासकांनी तिच्यावरून त्या वास्तूचा नकाशाच मांडून दाखवला. दूरच्या माणसाला मोठे करण्याची सवलत अशा चित्रकाराला नव्हती. त्यामुळे ख्रिस्ताचे महत्त्व त्याला आकाराखेरीज इतर घटकांकडून वदवून घ्यावे लागले, आणि माझ्या मते या चित्राची खरी थोरवी तिथेच आहे.

ख्रिस्ताला बांधले आहे तो खांब पाहा. पुढच्या खांबांच्या आणि छताच्या तुळयांच्या रेषांनी त्याच्याभोवती चौकटीमागून चौकट उभी केली आहे. त्या खांबावर सोनेरी पुतळा आहे, त्यामुळे ख्रिस्ताची छोटी आकृती उंच उभ्या रेषेचा पाया बनते. खाली, फरशीच्या नक्षीत, तो वर्तुळाच्या मध्यभागी उभा आहे. क्षितिजरेषा, म्हणजे पाहणाऱ्याच्या नजरेची पातळी, बरीच खाली असल्याने फरशी आक्रसली आहे आणि ते वर्तुळ सहज नजरेत येत नाही, पण एकदा दिसले की आपला डोळा तिथून हलत नाही. आता वर पाहा. पुढच्या तिघांवर उजेड डावीकडून येतो, पण ख्रिस्ताच्या डोक्यावरचा छताचा चौकोन उजळतो तो वेगळ्याच, खांबांआड लपलेल्या प्रकाशाने. छताच्या शेजारच्या चौकोनांशी तुलना केली की हा फरक लख्ख कळतो. बाहेरच्या उन्हाशी काहीही संबंध नसलेला हा उजेड पिएरोने मुद्दाम, फक्त त्या जागेसाठी योजला आहे.

(या चित्रावर सुवर्ण गुणोत्तराच्या, म्हणजे सुंदर मानल्या जाणाऱ्या एका ठरावीक प्रमाणाच्या, रेषा ओढणारे पुष्कळ भेटतात. मला त्यातून फारसे काही हाती लागलेले नाही. त्यापेक्षा फरशी न्याहाळावी.)

राहिले पुढचे तिघे. ते कोण, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही, आणि एखाद्या नावावर एकमत झाले तरी रचनेचे कोडे त्याने सुटणार नाही. मधला तरुण पाहा: लाल वस्त्र, सोनेरी केस, अनवाणी पाय. त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे आणि मध्ये तो शांत उभा, जवळजवळ ख्रिस्ताच्याच ढंगात. मागे ख्रिस्तही अनवाणीच, त्याच्याही दोन्ही बाजूंना माणसे. एकच आकृतिबंध चित्रात दोनदा आला आहे, एकदा दूर आणि एकदा जवळ. दोहोंच्या मधोमध पुढचा पांढरा खांब उभा असल्याने दोन प्रसंग वेगळे राहतात, आणि मागचा मुख्य प्रसंग पुढच्या तिघांतून पुन्हा ऐकू येतो. चित्राच्या चौकटीवर पूर्वी बायबलमधल्या दुसऱ्या स्तोत्रातले लॅटिन शब्द होते, ‘ते एकत्र जमले’ अशा अर्थाचे. ते डावीकडच्या घोळक्याला लागू पडतात तसेच उजवीकडच्या तिघांनाही, आणि म्हणूनच या तिघांना पुढे आणल्यावाचून पिएरोला गत्यंतर नव्हते असे मला वाटते.