मॅपवर ‘व्हीलचेअर जाते’ असं लिहिलेलं, ते बदलून घेतानाचा माझा अनुभव

आई साडेचार वर्षं व्हीलचेअरवर आहे. आम्ही फोंड्याचे, आणि बाहेर जेवायला जायचं ठरलं की आमच्याकडे आधी पायऱ्या किती ते बघतात, मेनू मागाहून. चवथ झाल्यावर मामाच्या साठीचं जेवण पणजीत ठरलं, जागा मी शोधली, मॅपवर त्या हॉटेलच्या नावाखाली व्हीलचेअरची खूण होती, एंट्रन्सला टिक होती, म्हणून पायऱ्यांचं काही न विचारता टेबल सांगून टाकलं.

पोचलो तर समोर चिऱ्याच्या तीन पायऱ्या. बाजूला पत्र्याचा उतार होता पण तो गॅसचे सिलिंडर वर चढवायला, त्यात नुकतीच सर येऊन गेलेली, पत्रा ओलाचिंब. दादा आणि एक वेटर खुर्ची उचलायला वाकले तशी आईने दोन्ही चाकं घट्ट धरून ठेवली, “नको रे, उचलू नका मला, तुम्ही जेवून या, मी गाडीत बसते.” मामा काही बोलला नाही, तिच्या बाजूला जाऊन बसला. शेवटी पार्सल आणलं आणि मामाची साठी गाडीत झाली, हुमणाचा डबा मांडीवर धरून.

त्या रात्री मला झोप आली नाही. माहितीच नसती तर मी फोन करून विचारलं असतं, खोटी टिक होती म्हणून नाही विचारलं.

मॅपवर ‘बदल सुचवा’मध्ये जाऊन ‘व्हीलचेअर एंट्रन्स’ला ‘नाही’ करून पाठवलं, आठवड्याने उत्तर आलं की बदल लागू केला नाही, कारण काही नाही. खूप राग आला, पण नंतर विचार केला की तिकडे बसलेल्याला कसं कळणार कोण खरं, ज्याने पत्रा बघून रॅम्प समजून टिक केली तो की मी. म्हणून दादाला घेऊन मेजरिंग टेप घेऊन परत गेलो. एकेक पायरी १५ सेमी, तीन मिळून ४५. रॅम्पचा नियम १:१२, म्हणजे ४५ सेमी चढायला ५ मीटर ४० सेमी लांब उतार लागतो, आणि तो पत्रा होता दीड मीटर! व्हीलचेअर ढकलणारा माणूसच मागे घसरेल त्यावर. टेप पायरीला लावून फोटो काढला, एक रस्त्यावरून अख्ख्या दाराचा, आणि दोन्ही जोडून परत पाठवलं, या वेळी तीन आठवडे गेले पण टिक निघाली.

मधल्या काळात व्हीलमॅप सापडलं, कुठे व्हीलचेअर जाते ते रंगाने दाखवणारा नकाशा. बर्लिनच्या एका संस्थेने २०१० मध्ये सुरू केलेलं आहे, माहिती ओपनस्ट्रीटमॅपची, म्हणजे लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशाची, त्यामुळे तिथे केलेली दुरुस्ती त्या नकाशावर चालणाऱ्या बाकीच्या ॲपमध्येही जाते. हिरवं, केशरी, लाल, आणि माहिती नसेल तर करडं. मला आवडलं ते हे की कशाला काय म्हणायचं ते ठरलेलं आहे: दारात एकही पायरी नाही आणि आतल्या सगळ्या खोल्या सपाट तर हिरवं, दारात जास्तीत जास्त एक पायरी, तीही ७ सेमीपर्यंत, आणि मुख्य खोल्या सपाट असतील तर केशरी, बाकी लाल. टॉयलेटचं वेगळं विचारतात. (सरकारच्या सुगम्य भारत ॲपचं काम वेगळं, तिथे सार्वजनिक जागाच अडचणीची आहे म्हणून फोटोसकट तक्रार करायची. मॅपवरची चुकीची माहिती सुधारायला ते नाही.)

मग मी सुटलेच, फोंड्यातली ओळखीची ठिकाणं एकेक करून भरत गेले आणि त्यात एक चूक केली. बाजारातल्या एका खानावळीला पुढे दोन पायऱ्या आहेत म्हणून आत न जाता लाल केलं. कोणीतरी माझ्या बदलाखाली लिहिलं, मागे पार्किंगच्या बाजूने दार आहे, सपाट आहे, बघितलं का? बघितलं नव्हतं. चुकीच्या हिरव्याने माझी आई गाडीत बसून जेवली आणि माझ्या चुकीच्या लालमुळे दुसऱ्या कुणाची तरी आई त्या खानावळीत गेलीच नसती, हे मला फार लागलं.

रविवारी आईला घेऊन मागच्या बाजूने गेले. दार होतं, उंबरठासुद्धा नाही, खुर्ची सरळ टेबलापर्यंत गेली. आईने किस्मूर दोनदा मागून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “टॉयलेटचं पण मोज गो, ते कोणी लिहीत नाही.” मोजलं, दार ६२ सेमी आणि आईची खुर्ची ६४. घरी येऊन लाल काढून हिरवं केलं, टॉयलेटला ‘नाही’ लावलं, आणि खाली लिहिलं: पार्किंगच्या बाजूचं दार वापरा, टॉयलेटचं दार ६२ सेमी.