कतारमध्ये अडकलेला पगार कसा मिळवला

सेंट्रिंग आणि सळई बांधायचं काम येणारी पोरं धुळे, नंदुरबारकडे गावोगावी आहेत. मी त्याच कामावर, स्टील फिक्सर म्हणून, कतारला गेलो आणि चार महिन्यांचा पगार थकला. तक्रार टिकली ती कागदांमुळे, म्हणून आधी कागदांचं सांगतो.

एजंट गावात '१८०० रियाल' सांगतो. करारात मात्र मूळ पगार १०००, राहण्याचे ५०० आणि जेवणाचे ३०० असतात. मार्च २०२१ पासून तिथला हाच किमान दर आहे. खोली आणि जेवण कंपनी देत असेल तर हातात १०००च येतात. घरच्या कर्जाचा हिशेब त्या हजारावर धरा. भारतात नोंदणीकृत एजंटला फी म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. त्यापुढचं मागितलं तर तिथेच थांबा.

ओव्हरटाइम ८ तासांनंतर, सव्वापट. १००० भागिले ३०, भागिले ८ म्हणजे तासाला ४.१७ रियाल, सव्वापट ५.२१. रोज २ तास, २६ दिवस धरले तर महिन्याला साधारण २७१ रियाल. हेच पैसे स्लिपवर येत नाहीत, कारण फोरमन ते तास वेगळ्या कागदावर लिहितो. म्हणून खिशात छोटी वही ठेवा: तारीख, साइट, काम सुरू, काम बंद. पेन्सिलनेच लिहा, घामाने शाई पसरते. रोज रात्री पानाचा फोटो घरी पाठवा, म्हणजे फोन हरवला तरी तारखेसकट पुरावा राहतो. बँकेचे पगाराचे मेसेज पुसू नका.

उन्हाबद्दल आपल्या लोकांचा मोठा गैरसमज असतो. जळगावच्या मे महिन्यात वाढलो, मग ऊन काय नवं? पण आपलं ऊन कोरडं, घाम उडतो आणि अंग निवतं. दोह्यात ऑगस्टमध्ये हवा एवढी दमट की घाम अंगावरच राहतो. पक्कडीने तार पिळताना हातमोज्यातून पाणी निथळतं, आणि सळई उघड्या हाताने धरवत नाही. १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे. शिवाय ऊन, दमटपणा आणि वारा मिळून काढलेला डब्ल्यूबीजीटीचा आकडा ३२.१ अंशांपुढे गेला तर कोणत्याही वेळी काम थांबायला हवं. लघवी गडद झाली की ओआरएस घ्या. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि ९९९ लावा. 'थोडं बसला की बरं वाटेल' म्हणत थांबू नका, त्यात जीव जातो.

आता तक्रार. पगार ठरल्या तारखेपासून ७ दिवसांत बँकेत जमा व्हायला हवा. नाही झाला तर कामगार मंत्रालयाच्या वेबसाइटवर कतार आयडीचा नंबर टाकून तक्रार करता येते. माझं पहिलं पाऊल इथेच अडलं: मोबाइल आयडीवर नोंदवलेला लागतो आणि माझं सिम खोलीतल्या दुसऱ्याच्या नावावर होतं. ओटीपी येईना. पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावाचं सिम घ्या.

आधी मंत्रालय तडजोड करून बघतं. त्या दिवसांत कंपनीचा माणूस कॅम्पवर आला: दोन महिन्यांचा पगार, तिकीट आणि सहीसाठी अरबी कागद. दोंडाईच्याकडचे एक आप्पा खोलीत होते, ते एवढंच म्हणाले, "सही करू नको रे भो." कागद वाचून घेतला तर 'सर्व येणं मिळालं' असं लिहिलेलं. न वाचता येणाऱ्या कागदावर सही म्हणजे दावा संपला.

तडजोड न झाल्यास प्रकरण कामगार तंटा समितीकडे जातं. पहिल्या सुनावणीपासून ३ आठवड्यांत निकाल द्यायचा असतो. हे सगळं घरी परतण्याआधी करा. करार संपल्यावर वर्षाच्या आत दावा केला नाही तर हक्क जातो. दरम्यान घरच्यांनी भारत सरकारच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकली, म्हणजे दूतावासाकडेही नोंद झाली.

चारही महिन्यांचा मूळ पगार मिळाला. ओव्हरटाइम मात्र दोनच महिन्यांचा मिळाला. त्याआधीच्या दोन महिन्यांत माझ्याकडे वही नव्हती.