कडी न घालता सोडलेला टिलवा

महाशिवरात्रीनंतरची अमावास्या. आम्ही पाच विद्यार्थी आणि आमच्या मार्गदर्शक ताई रायगडातल्या एका खाजणात मिस्ट नेट, म्हणजे पक्षी धरायची बारीक धाग्याची जाळी, लावायला उतरलो. धरलेल्या पक्ष्याच्या पायात क्रमांकाची कडी घालून त्याची नोंद करायची आणि त्याला सोडायचं. काळोखात पक्ष्यांना जाळी दिसत नाही, आणि अमावास्येच्या उधाणात चिखलभर पांगलेले चिखले, तुताऱ्या, टिलवे असे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी उरलेल्या कोरड्या पट्ट्यावर दाटीने येऊन बसतात. आमच्या किनाऱ्यावर ती भरती मध्यरात्रीच्या सुमारास लागते. वनखात्याच्या परवानगीचे कागद हाती यायलाच निम्मा हिवाळा सरला होता.

गावातले एक मच्छीमार काका सोबत होते. काठ्या रोवताना म्हणाले, "पाणी इथवर येईल हां, आणखी वर घ्या." जाळीचा खालचा झोळ पाण्याला टेकला, तर त्यात अडकलेला पक्षी बुडतो. आम्ही जाळी हातभर वर घेतली. बारा वाजता पाणी बरोब्बर जुन्या खुणेवर होतं.

जाळीतून पक्षी सोडवणं मला सगळ्यात अवघड गेलं. तो कुठल्या बाजूने शिरला ते आधी शोधायचं, मग पाय मोकळे करायचे, मग पंख, शेवटी डोकं. पहिल्याच टिलव्याच्या पंखाला मी दोन पीळ जास्तच दिले. ताईंनी तो सोडवून माझ्या हातात दिला. मान तर्जनी आणि मधल्या बोटात, पाठ तळव्याला. वीसेक ग्रॅमचा जीव, पण काळजाची धडधड बोटांना लागत होती.

मी कडी उचलली. पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकत होता.

"कडी राहू दे. आधी सोड त्याला."

"ताई, नुसतं वजन तरी घेऊ?"

"नको."

मला वाईट वाटलं. अमावास्या महिन्यातून एकदाच, आणि हातात आलेली नोंद जाणार होती. ताईंनी बॅटऱ्या विझवायला लावल्या. टिलवा चिखलावर ठेवला, तर जागचा हलेना. त्या दोन-तीन मिनिटांत मी हजारदा माझे ते दोन पीळ आठवले. मग अंधारात बारीक 'टिट्' ऐकू आलं, आणि तो गेला.

नंतर एक कर्ल्यू सँडपायपर, तुतारीच्याच कुळातला, मिळाला. पोटावर तांबूस पिसं डोकावू लागली होती, गळ्याखालच्या खळगीत पिवळसर चरबी धरली होती. सायबेरियाच्या वाटेची शिदोरी ती. त्याला मी स्वतः कडी घातली, पक्कड दाबताना श्वास रोखून. भारतात बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने) १९२७ साली मध्य प्रदेशातल्या धारला सुरू केलेल्या या कामातली ही माझी पहिली कडी.

वहीत मात्र त्या आधीची ओळ अशी आहे: टिलवा, कडी नाही, १२.४०, उडाला.